सागाची फेन्स पावसात का वाकते? टेबल सॉच्या फेन्स आणि जिगबद्दल वाचकांचे प्रश्न

टेबल सॉ म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं यंत्र. त्याची फेन्स (फळी जिच्या आधाराने सरकवतात ती सरळ पट्टी), स्लेड (आडव्या कापासाठी टेबलावर सरकणारी पाटी) आणि लहानमोठे जिग (काम अचूक व्हावं म्हणून केलेली मदतीची साधनं) घरी करताना कोणता माल वापरावा, यावर आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. नेमकी मापं कळवणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : सॉबरोबर आलेली फेन्स हलत होती, म्हणून जुन्या चौकटीच्या सागातून ९०० मिमी लांब, ७५ मिमी उंच आणि ४५ मिमी जाड फेन्स केली. मे महिन्यात ती अगदी सरळ होती. ऑगस्टमध्ये मधोमध दीड मिमी बाक आला. रंधा मारून सरळ केली, तर दिवाळीनंतर उलट्या बाजूला बाक! साग जुना, चांगला मुरलेला होता. मग असं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुरलेला साग वाकत नाही, ही समजूत जुनी आहे. साग इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, पण हलतो. लाकडातला ओलावा एक टक्का वाढला की साग वलयांच्या दिशेने साधारण ०.१८ टक्के फुगतो आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने ०.१० टक्के. कोकणातल्या शेडमध्ये मे महिन्यात बारा टक्क्यांवर असलेलं लाकूड ऑगस्टपर्यंत अठरावर सहज जातं. म्हणजे आडवी वलयं असलेली दीडशे मिमी रुंद फळी दीड मिमीपेक्षा जास्त रुंदावते. लाकूड पन्नास वर्षं जुनं असलं तरी हा हिशोब बदलत नाही. जुन्या लाकडातला ताण निघून गेलेला असतो एवढाच त्याचा फायदा.

आता बाक का आला ते बघा. लांबीत लाकूड फारसं हलत नाही. पण फेन्सच्या एका बाजूला तुम्ही पॉलिश किंवा मेण लावलेलं असणार आणि मागची बाजू कोरी असणार. कोरी बाजू ओलावा आधी पिते, झाकलेली मागाहून. त्यात चौकटीच्या लाकडाचे रेषे एका टोकाला तिरके गेले असतील, तर दोन्ही बाजूंची लांबी थोडी वेगळी वाढते. ९०० मिमी लांबीत दीड मिमी बाक यायला तेवढा फरक पुरतो.

तुमची खरी चूक ऑगस्टमध्ये रंधा मारण्यात झाली. फुगलेल्या अवस्थेत लाकूड सरळ केलंत, ते वाळल्यावर उलट जाणारच. कोकणात लाकडी फेन्सला रंधा मारायचाच असेल तर पावसाळ्याचा ओलावा निघून गेल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीत मारा.

साग फेकू नका. खाली कोल्हापूरच्या वाचकांना सांगितलेले रनर (स्लेडखालच्या, टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या पट्ट्या) आणि शेवटी सांगितलेला फेदरबोर्ड (फळी जागेवर दाबून धरणारी, बोटं काढलेली पट्टी) यांना तो उत्तम आहे. अखंड लाकडाचीच फेन्स हवी असेल, तर ४५ मिमीचा तुकडा लांबीत मधोमध उभा चिरा, एक अर्धा उलटा करून दुसऱ्याला चिकटवा, म्हणजे एकाचा बाक दुसरा खेचून धरतो. मग सहाही बाजूंना सारखेच हात द्या. टोकांना दुप्पट, कारण ओलावा टोकांतून सगळ्यात वेगाने शिरतो. तरीही रत्नागिरीच्या हवेत आमचं मत प्लायकडेच झुकतं. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने त्याची रुंदी अखंड लाकडाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने हलते.

प्रश्न : फेन्ससाठी शीट घ्यायला गेलो. एक दुकानदार म्हणाला, मरीन घ्या, ७१० नंबर, कायम सरळ राहील. दुसरा म्हणाला, एमडीएफसारखं (लाकडाचे बारीक रेषे दाबून केलेलं शीट) सपाट काहीच नाही. तिसऱ्याने एचडीएचएमआर दाखवलं. कोणाचं ऐकू? – एक वाचक, पुणे

उत्तर : आयएस ७१० हा मरीन प्लायचा आणि आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा शिक्का. दोन्हींतला मुख्य फरक गोंदात आणि लाकडाला दिलेल्या औषधात आहे. ७१० चा प्लाय उकळत्या पाण्यातही थर सोडत नाही, पण शीट सरळ असेल याची हमी तो शिक्का देत नाही. दुकानात दोन भिंतींना टेकून सहा महिने उभी राहिलेली मरीन शीटही धनुष्यासारखी झालेली असते. तेव्हा आधी शीट सपाट आहे का बघा, नंबर मागाहून. आडव्या ठेवलेल्या थप्पीतली शीट मागा, एक डोळा मिटून धारेवरून नजर टाका, मग कर्णात बघा. बाक एक वेळ चालेल, पीळ अजिबात नको. फेन्समध्ये बाक बसवून घेता येतो, पीळ येत नाही. कापलेल्या कडेत थरांमधल्या पोकळ्या मोजा. स्क्रू नेमका पोकळीत गेला तर पकडच राहत नाही. आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन जा, १८ म्हणून मिळणारा प्लाय साडेसतराच भरतो हे सर्रास आहे. जोड आणि खाचा छापील मापावर काढू नका.

आता एक हिशोब मांडतो, कारण निवडीचा निम्मा गोंधळ इथेच सुटतो. फेन्स फक्त पुढच्या टोकाला पकडलेली आहे, मागे ६०० मिमी मोकळी आहे, आणि मागच्या टोकाला पाच किलोचा आडवा दाब दिला असं धरा. दोन प्लाय चिकटवून केलेली ३६ मिमी जाड, ७५ मिमी उंच नुसती उभी पट्टी टोकाला पावणेदोन मिमी हलते. त्याच १८ मिमी प्लायची १५० मिमी रुंद पट्टी आडवी ठेवली, तर ०.१ मिमी. एमडीएफची तशीच आडवी पट्टी पाव मिमीच्या आसपास. ५० x ५० x ३ मिमीचा लोखंडी चौकोनी पाइप ०.०९ मिमी आणि त्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाव मिमी. म्हणजे प्लायचा रुंद तळ लोखंडी पाइपच्या बरोबरीने उभा राहतो! ताठपणा मालापेक्षा आकारातून जास्त येतो. ज्या दिशेने दाब येतो, त्या दिशेची रुंदी दुप्पट केली की वाकणं आठवा हिस्सा होतं. घरगुती फेन्स वाकतात त्या बहुतेक वेळा उभ्या पट्टीच्या भरवशावर बनवलेल्या असतात आणि त्यांना आडवा तळच नसतो.

९०० मिमीच्या फेन्सला ३ फूट x दीड फूट एवढा १८ मिमी प्लायचा तुकडा पुरतो. त्यातून १५० मिमी रुंद तळ, ९० मिमीची आतली उभी पट्टी, १०८ मिमीची बाहेरची पट्टी, आणि उरलेल्या भागातून ८० x ८० चे तीन चौकोन काढा. चौकोन कर्णात कापले की सहा त्रिकोणी आधार होतात. आतली पट्टी तळाच्या पुढच्या काठावर, दर्शनी बाजू तळाच्या कडेशी समपातळीत येईल अशी उभी करा. मागे साधारण १६०-१७० मिमी अंतराने आधार द्या. हे सगळं फेविकॉल आणि स्क्रूने कायमचं जोडा. त्रिकोणांचा काटकोन गुण्याने एकेक तपासा, कारण फेन्सचा नव्वदचा कोन तेच धरून ठेवतात. जोडताना खाली सपाट आधार हवा. काचवाल्याकडची १२ मिमी जाडीची जाड काच यासाठी चांगली, नाहीतर सॉचंच टेबल. गोंद लागू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद ठेवा. पावसाळ्यात चोवीस तास क्लॅम्प सोडू नका.

बाहेरची १०८ मिमीची पट्टी गोंदाने लावू नका. आतल्या पट्टीच्या मागून ३० मिमी लांबीच्या स्क्रूने बसवा. स्क्रू १८ मिमी पार करून बाहेरच्या पट्टीत १२ मिमी जातात, तोंडापर्यंत पोचत नाहीत आणि पात्याजवळ धातू येत नाही. ही पट्टी कापली गेली, झिजली की बदलायची. तिच्या तळाला पुढच्या कोपऱ्यावर तीन मिमीचा उतार काढा. हा उतार नसेल तर कोपऱ्यात भुसा दाबून बसतो, पुढची फळी त्यावर टेकते आणि माप अर्धा मिमीने चुकतं. मग माणूस तासभर फेन्सची स्केल तपासत बसतो.

बाहेरच्या पट्टीवर सनमायका लावा, पण दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावली की उघडी बाजू ओलावा पिते, सनमायकाची बाजू पीत नाही आणि पट्टीला पन्हाळ येते. मागे महाग सनमायका लावण्याची गरज नाही, कपाटाच्या आतून लावतात ती पातळ लायनर चालते. फक्त दोन्हींची लांबीची दिशा एकच ठेवा. चिकटवायला पांढरा फेविकॉल आणि दाब हवा. पिवळा रबरी गोंद झटपट पकडतो, पण तो कायम थोडा लवचीक राहतो आणि उन्हात सनमायका सरकते.

एमडीएफ मुळात सपाटच असतो, हे दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं बरोबर. म्हणून बाहेरच्या पट्टीला, पटकन करायच्या जिगला आणि एकदा वापरून टाकायच्या गोष्टींना तो फार छान. तळाला मात्र नको, वरच्या हिशोबात तो अडीच पट हलतो. पाणी लागलं की त्याच्या कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. स्क्रू कडेत मारायचाच असेल तर ४ मिमीच्या स्क्रूला ३ मिमीचं भोक आधी पाडा, टोकापासून २५ मिमी आत. शिवाय वरच्या तुकड्यातल्या भोकाला खालच्या तोंडाशी मोठ्या ड्रिलने हलकी वाटी करा. स्क्रू आत शिरताना एमडीएफचा रेषा वर उचलतो आणि भोकाभोवती फोडीसारखा फुगवटा येतो. तो फुगवटा दोन तुकड्यांमध्ये अडकून जोड अर्धा मिमी उघडा ठेवतो. वाटी केली की फुगवट्याला जागा मिळते. एचडीएचएमआर हा त्याच कुळातला, पण जास्त दाट आणि ओलाव्याला टिकणारा. कडा चांगल्या राहतात, स्क्रूची पकडही बरी. किनारपट्टीवर एमडीएफऐवजी हाच घ्या. पार्टिकल बोर्ड जिगसाठी नको, स्क्रू दोनदा काढला की भोक संपलं. ब्लॉकबोर्ड दरवाजाला ठीक, फेन्सच्या दर्शनी भागाला नको, कारण आतल्या पट्ट्या पावसाळ्यात पृष्ठभागावर उमटतात.

एमडीएफ आणि एचडीएचएमआर दोन्हींचा भुसा अतिबारीक असतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा.

प्रश्न : नागपुरात उन्हाळ्यात शेडमध्ये पंचेचाळीसच्या वर तापमान जातं. ॲल्युमिनियमची फेन्स उन्हाने वाकेल का? खिडकीचं सेक्शन स्वस्त मिळतं, ते चालेल का? की लोखंडी पाइपच बरा? – एक वाचक, नागपूर

उत्तर : उष्णतेने ॲल्युमिनियम लांब होतं, वाकत नाही. ९०० मिमीचं सेक्शन तीस अंश तापलं तर ०.६ मिमी वाढतं, लोखंड त्याच्या निम्मं. लांबी वाढल्याने तुमच्या कापाला काहीच होत नाही. वाकतं ते तेव्हा, जेव्हा तुम्ही ॲल्युमिनियमला प्लाय सहा ठिकाणी घट्ट आवळता. एक वाढतं, दुसरं वाढत नाही, मग दोन्ही मिळून धनुष्य होतं. म्हणून प्लायच्या पट्टीत मधलं एकच भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा आणि खाली वॉशर घाला.

खिडकीचं सेक्शन नको. त्याची भिंत दीड मिमीच्या आत असते. क्लॅम्प आवळला की पोचा येतो, आटा पाडला तर दोनच फेरे पकडतात. टी-खाचांचं ४० x ८० चं इंजिनिअरिंग प्रोफाइल घ्या आणि ते आडवं ठेवा, ८० ची बाजू टेबलावर. बहुतेक जण उंची मिळावी म्हणून ते उभं ठेवतात आणि मग फेन्स हलते म्हणून तक्रार करतात. उंची हवी असेल तर खाचेत बोल्ट घालून वर प्लायची पट्टी लावा. कटिंग करून देणारे दुकानदार मोठ्या लांबीतून तुकडा देतात. तो हातात घेऊन काचेवर ठेवा आणि दोन्ही टोकांखाली आणि मध्ये फीलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं साधन) ०.१ मिमीचं पान सरकवून बघा. कुठेही पान जात असेल तर दुसरा तुकडा मागा.

लोखंडी पाइप ताठ आणि स्वस्त. पण वजन, गंज आणि वेल्डिंग ही तीन दुखणी बरोबर येतात. ५० x ५० चा पाइप सरळ असतो, पण त्याला टी-आकाराचं डोकं वेल्ड केलं की उष्णतेने तो एका बाजूला खेचला जातो. आधी चारही कोपऱ्यांवर टाके द्या, गार होऊ द्या, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने थोड्याथोड्या वेल्ड करा. डोक्याला सेट-स्क्रूची सोय ठेवा, म्हणजे खेचलेला कोन नंतर सुधारता येतो. उघड्या लोखंडाचा गंज फळीवर डाग सोडतो, तेव्हा दर्शनी बाजूला प्लायची पट्टी हवीच. जाड कागदाचे किंवा शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचे शिम (फट भरायचे पातळ तुकडे) देऊन ती पट्टी सरळ बसवा. डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिमी भरतो. फेन्सचा कणा थोडा वाकडा असला तरी चालतो, लाकूड ज्यावर घासतं ती बाजू सरळ हवी.

सरळपणा तपासायला महाग पट्टी नसेल, तर एमडीएफवर फेन्स ठेवून धारदार चाकूने तिच्या काठाने रेघ मारा. मग फेन्स उलटी करून तोच काठ रेघेच्या दुसऱ्या बाजूने टेकवा आणि पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमध्ये जेवढी फट दिसेल, त्याच्या निम्मा बाक.

प्रश्न : क्रॉसकट स्लेड केली. तळ सागाच्या फळ्या जोडून, रनर नायलॉनचे. उन्हाळ्यात लोण्यासारखी सरकायची, जुलैत टेबलात अडकली. रनर घासले तर आता खडखडते आणि काप नव्वदला येत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही माल चुकले, आणि दोन्ही एकाच वेळी फुगले. जोडलेल्या सागाचा तळ दोन रनरच्या मध्ये समजा ३०० मिमी रुंद आहे. ओलावा सहा टक्के वाढला तर रनरमधलं अंतर तीन मिमीपेक्षा जास्त वाढतं. खाचा लोखंडात, त्या हलत नाहीत. स्लेड अडकणारच! तळाला १२ मिमीचा प्लाय घ्या, दुसरं काही नको. नायलॉन पाणी पितो, दमट हवेत तोही फुगतो. त्याच दुकानात मिळणारं डेलरीन हे कडक प्लास्टिक पाणी जवळजवळ पीत नाही. यूएचएमडब्ल्यू हे दाट पॉलिथिनही पीत नाही, पण ते मऊ असतं, स्क्रू जास्त आवळला की स्क्रूजवळ पोट सुटतं आणि तेवढाच भाग अडकतो.

तुमच्याकडे साग आहे, तोच वापरा, पण वलयं बघून. टोकाकडून पाहिलं तर वलयं टेबलाला काटकोनात, उभी दिसली पाहिजेत. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी रुंद रनर असा कापला तर पावसाळ्यात ०.११ मिमी फुगतो, आडव्या वलयांचा ०.२१ मिमी. एवढ्या फरकाने स्लेड सरकते की अडकते ते ठरतं. उंचीकडे तो कितीही फुगो, फक्त खाचेपेक्षा एक मिमी कमी उंच ठेवा. मोठ्या सॉची खाच सहसा पाऊण इंच रुंद आणि तीन सूत खोल असते, पण लहान पोर्टेबल सॉची वेगळी भरते. व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात अरुंद माप धरा. रोज वापराची स्लेड असेल तर लोखंडी ब्राइट बारची (नेमक्या मापाची गुळगुळीत पट्टी) पाऊण इंच x तीन सूत पट्टी घ्या. ती खाचेपेक्षा केसभर सैल बसते. सैल वाटली तर कडेजवळ सेंटर पंचचे ठोके मारा, प्रत्येक ठोक्याला कड थोडी बाहेर येते.

रनर लावताना खाचेत वॉशर टाकून त्यावर रनर ठेवा, म्हणजे त्यांचा वरचा भाग टेबलापेक्षा एक मिमी वर येईल. रनरवर फेविक्विकचे थेंब, वरून प्लायचा तळ, त्याची कड फेन्सला टेकवून. वजन ठेवा. पंधरा मिनिटांनी उचला आणि खालून रनरमधून तळात स्क्रू मारा. आधी भोक पाडूनच, नाहीतर सागाचा रनर स्क्रूजवळ फाकतो. मग रनरच्या दोन्ही कडांवर पेन्सिल फिरवा, खाचेत दहा वेळा सरकवा. जिथे पेन्सिलची रेघ चकचकीत होते तिथे रनर घासतो. फक्त तेवढंच १८० च्या कागदाने काढा. सगळ्या लांबीत घासल्यामुळेच तुमची स्लेड खडखडायला लागली.

नव्वदचा कोन गुण्याने लावू नका, गुण्याची चूक कापात मोठी होऊन दिसते. पाच कापांची रीत वापरा. ४०० मिमीच्या आसपास चौरस एमडीएफ घ्या, एक बाजू कापा, कापलेली बाजू स्लेडच्या कुंपणाला (फळी टेकवायच्या उभ्या पट्टीला) टेकेल असं फिरवा, दुसरी कापा, असं चारदा. पाचव्यांदा पहिलीच बाजू दहा मिमी कापून पट्टी काढा. पट्टीची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. समजा १०.४० आणि १०.०० आली. फरक ०.४०, चारने भागून ०.१०, पट्टीच्या ४०० मिमी लांबीने भागून प्रत्येक मिमीला ०.०००२५. कुंपणाचा एक स्क्रू कायम आहे आणि दुसरा त्यापासून ५०० मिमीवर आहे, तर त्या टोकाला ०.१२५ मिमी सरकवा. फीलर गेजचं पान मध्ये धरून ठोकळा क्लॅम्प करा, पान काढा आणि कुंपण ठोकळ्याला टेकवा. पुन्हा पाच काप घ्या. फरक वाढला असेल तर उलट्या बाजूला सरकवलंत एवढंच. कुंपणाला दोन प्लाय चिकटवून ३६ मिमी जाडी घ्या, उंची पात्याच्या पूर्ण उंचीपेक्षा ४० मिमी जास्त. आणि मागे, जिथून पातं बाहेर येतं तिथे, लाकडी ठोकळा लावा, म्हणजे अंगठा तिथे जाणार नाही.

प्रश्न : फेन्सला सनमायका लावली, मेण लावलं, तरी सागाच्या कडा जळतात आणि फळी मधूनच मागे ढकलली जाते. फेन्सला आणखी गुळगुळीत काय लावू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : काहीही लावू नका, आधी मशीन बंद करा. फळी मागे ढकलली जाते हा किकबॅक आहे आणि तो फेन्सच्या मालातून येत नाही. आधी प्लग काढून पातं टेबलाच्या खाचेला समांतर आहे का बघा. एका दातावर खूण करा, तो पुढे असताना खाचेपासूनचं अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून मोजा. मग फेन्स खाचेला समांतर करा. मागच्या टोकाला ०.०५ ते ०.१ मिमी पात्यापासून दूर असेल तर उत्तम, जवळ असेल तर फळी पातं आणि फेन्सच्या मध्ये चिमटली जाते. तुमच्या कडा त्यामुळेच जळतात. पात्यामागचा रायव्हिंग नाईफ (काप मिटू न देणारं पातळ पान) काढून ठेवला असेल तर आजच परत लावा.

अखंड लाकूड चिरताना अर्धी फेन्स वापरा. म्हणजे बाहेरची पट्टी पात्याच्या पुढच्या दातांच्या मागे तीसेक मिमीवर संपवा. कापताना सागातला ताण सुटतो आणि फळी फाकते. अर्ध्या फेन्समध्ये तिला फाकायला जागा मिळते. प्लायला पूर्ण फेन्स.

थोडक्यात काही

पुश-स्टिक (हात पात्यापासून दूर ठेवून फळी ढकलायची काठी) कशाची करावी, असं तिघांनी विचारलं आहे. १२ मिमी प्लायची. अखंड लाकडाची टाच रेषेत तुटते, नेमकी दाब देताना. ॲक्रिलिक तडकतं, ॲल्युमिनियमला पातं लागलं तर दात उडू शकतात. टाच ५ मिमी उंच ठेवा, अन्यथा पातळ पट्टीवरून घसरते.

पात्याभोवतीची झिरो-क्लिअरन्स पट्टी (पात्याच्या जाडीएवढीच फट ठेवणारी) हायलमच्या (कडक, दाट लॅमिनेट) शीटची करा. विजेच्या सामानाच्या बाजारात ती मिळते, ताठ असते, पाणी पीत नाही. जाडी टेबलातल्या खोबणीपेक्षा कमी घेऊन खाली चार ग्रब-स्क्रूने (डोकं नसलेले स्क्रू) पातळी जुळवा. हायलम जास्त जाड पडली तर घासून कमी करणं फार जिकिरीचं. ती पहिल्यांदा कापताना पट्टी वरून ठोकळ्याने दाबून धरा, ठोकळा पात्याच्या वाटेत नको, आणि पातं हळूहळू वर चढवा.

फेदरबोर्डला सरळ रेषांचा साग, रेषा बोटांच्या लांबीत. टोक तीस अंशात कापा, ६ मिमीची बोटं, मध्ये पात्याच्या जाडीची फट, ६० मिमी खोल. प्लायची बोटं आडव्या थरात मोडतात. फेदरबोर्ड कायम पात्याच्या अलीकडे लावा, पात्याच्या रेषेत किंवा पलीकडे लावला तर तो कापलेली पट्टी पात्यावर दाबतो.

फेन्सला आणि टेबलाला पॉलिशचं घट्ट मेण लावा, ते नसेल तर साधी मेणबत्ती घासून कापडाने पुसा. सिलिकॉनचा फवारा नको. तो लाकडावर चढतो आणि पुढे पॉलिश करताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल डाग उठतात, ते घासूनही जात नाहीत.